शेवंतीचा खुराक

वसईच्या वटार गावात मेंढ्या पाळणारं घर एकच, रोझलीनचं. कोंबड्या म्हणाल तर दारोदारी, डुकरं आणि बकऱ्याही चार घरं सोडून सापडतील, पण मेंढी? या खाऱ्या, दमट हवेत मेंढी कुठली टिकायला! लोक हसायचे. "रोझलीन, आता काय घोंगड्या विनायला बसनार?" असं कुंपणापलीकडून धोंडूबाई विचारायची, आणि रोझलीन अलीकडून उत्तर द्यायची, "पयली घोंगडी तुलाच देईन, तोंडावर घ्यायला." दोघींचं असंच चालायचं. दोघींच्या पानवेलीच्या वाड्या लागून, कुंपण एक, आणि भांडणाची हौसही सारखीच.

मेंढ्या आल्या त्याही न बोलावता. थंडीत घाटावरून कळप घेऊन धनगर खाली उतरतात. त्यातल्या एकाची मेंढी इथेच व्यायली आणि मेली. दोन इवलीशी कोकरं मागे राहिली. कळपाबरोबर चालणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून धनगराने ती रोझलीनच्या पदरात टाकली आणि म्हणाला, "जगली तर तुझी, मेली तर माझी." बाईचा नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं, पोरबाळ नव्हतं. तिने बाटलीने दूध पाजून दोन्ही जगवली. एकीचं नाव अबोली, दुसरी जरा पिवळसर पांढरी, तिचं शेवंती.

शेवंती मोठी मानी. परक्याच्या हातचं गवताचं पातंही घ्यायची नाही. कोणी पाव पुढे केला तर तोंड फिरवून उभी राहायची. सगळ्या गावात दोघांच्याच हातून खायची, एक रोझलीनच्या आणि दुसऱ्या फेबियनच्या.

फेबियन म्हणजे रोझलीनचा धाकटा दीर. दीर नावाला, खरं तर पोरच. रोझलीन लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो शेंबडा होता आणि सासू वारलेली. त्याची आंघोळ, त्याची शाळा, त्याचा ताप, सगळं हिनेच काढलं. पुढे त्याचं लग्न लावलं, शेजारीच घर बांधून दिलं. आता तो वालीवला जनावरांचं खाद्य बनवणाऱ्या एका गाळ्यात सुपरवायझर होता. सकाळच्या पाळीला जायचा, दुपारी घरी यायचा, आणि मागच्या अंगणात चारपाच डुकरं पाळायचा. "दीर असावा तर असा," असं रोझलीन बाजारात बसून दहा बायकांना सांगायची. सांगायची म्हणजे काय, वात आणायची.

दोन पावसाळ्यांपूर्वी अबोली गेली. काल चरत होती, आज आडवी. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा, आणि लघवी कोरा चहा फार उकळावा तशी काळपट लाल. जनावरांच्या डॉक्टर ऋतिका आल्या, त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "कुठे चरते ही?" वेलींखाली, रोझलीन म्हणाली. "वेलींवर काय मारता?" आता पानवेलीवर काय मारतात? मोरचूद आणि चुना. सासरा मारायचा, नवरा मारायचा, सगळी वसई मारते. नाही मारलं तर पावसात वेल मुळापासून कुजते.

"मोरचूद म्हणजे तांबंच," डॉक्टर म्हणाल्या.

"मग? तांब्यातलं पानी तर आपन मुद्दाम पितो," रोझलीन म्हणाली.

डॉक्टर बिचाऱ्या शांत स्वभावाच्या. तिथेच उकिडव्या बसून त्यांनी समजावलं. तांबं सगळ्यांनाच लागतं. रक्त बनायला लागतं, मेंढीची लोकर कुरळी होते तीही त्यामुळेच. पण लागतं ते चिमटीभर. जास्त झालं तर माणूस, गाय, डुक्कर ते पित्तावाटे बाहेर टाकतात. मेंढीला ते नीट जमत नाही. ती जास्तीचं तांबं काळजात, म्हणजे यकृतात, साठवत राहते. महिनोन् महिने वरून काही दिसत नाही. जनावर खातंपितं, चांगलं टुणटुणीत असतं. मग एक दिवस ते घाबरतं, किंवा दमतं, किंवा उपाशी राहतं, आणि साठवलेलं सगळं एकदम रक्तात सुटतं. रक्त आतल्या आत फुटतं. तेव्हा देवसुद्धा फारसं काही करू शकत नाही.

"ही दुसरी अजून वाचेल," त्या शेवंतीकडे बघून म्हणाल्या. "तांबं बांधून लेंड्यांवाटे बाहेर काढणारं औषध आहे, ते देते. पण हिच्या यकृतात बरंच साठलेलं आहे, ते सगळं कधीच निघणार नाही. पुढे हिला चिमूटभरही चालायचं नाही. आणि डुकरांच्या खुराकात तर तांबं मुद्दाम घालतात, ती लवकर वाढावीत म्हणून. त्यांना ते मानवतं. हिच्या तोंडाला लागू देऊ नका."

शेवंतीचं डोकं मांडीत धरून कोण बसलं होतं? फेबियन. तोच मान वर करून म्हणाला, "ऐकलंस ना वहिनी? डुकरांचा खुराक अजिबात नाही."

रोझलीनने त्या दिवसापासून मोरचूद बंद केली. पुढच्या पावसात तिच्या अर्ध्या वेली कुजल्या. सासऱ्याच्या हातच्या वेली त्या! तिने त्या उपटल्या, तिथे केळी लावली आणि विड्याची पानं विकायची ती केळीचे फणे विकू लागली. धोंडूबाईलाही कुंपणावरून बजावलं, "तुझी फवारनी माझ्याकडे उडवू नको." धोंडूबाई म्हणाली, "बघते, बघते." तिचं ते बघते म्हणजे नाहीच, असं रोझलीन धरून चालली.

शेवंती बरी झाली, धनगराच्या मेंढ्याकडे गेली आणि यंदाच्या पावसाळ्यात तिला कोकरू झालं. गुलाबी नाकाचं, भित्रं, सतत आईच्या पोटाखाली. फेबियनच्या मुलीने, प्रीतलने, त्याचं नाव ठेवलं पिंकी.

आता नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा. वसईत गावोगाव गोठे करतात, त्यांच्या स्पर्धा लागतात, परीक्षक येतात, आणि त्या दिवसांत पोरांना जेवणखाण सुचत नाही. वटारच्या त्यांच्या आळीचा गोठा फेबियनच्या हाती. तीन वर्षं सारखा दुसरा नंबर. पहिला दर वेळी नाक्यापलीकडच्या आळीला, आणि ते लोक मुद्दाम ट्रॉफी घेऊन यांच्या दारावरून बँड वाजवत जायचे. फेबियनला ते फार लागायचं. यंदा त्याने ठरवलं, पुतळे नकोत, सगळं जिवंत. जिवंत मारिया, जिवंत योसेफ, आणि बाळ येशूच्या पायाशी शेवंती आणि पिंकी.

"वहिनी, तू दुपारची बाजाराला जातेस, मेंढ्या एकट्या असतात," पाऊस संपल्यावर तो म्हणाला. "माझ्याकडे सोडून जा. पुढच्या फणसाखाली बांधतो, पाला घालतो. माणसांची सवयही होईल त्यांना."

रोझलीनला भरून आलं. एवढा कामाचा माणूस, आणि मुक्या जनावरांची काळजी बघा! ती रोज दुपारी दोघींना त्याच्या फाटकाशी सोडायची आणि टोपली घेऊन जायची. संध्याकाळी परत यायची तेव्हा दोघी फणसाखाली रवंथ करत बसलेल्या असायच्या.

"काय घातलंस?"

"केळीचा पाला, फणसाचा पाला. अजून काय घालणार?"

शेवंती अशी सुधारली की काय सांगावं! अंग भरलं, लोकर दाट झाली, चाल बदलली. देवळात मिस्साला जाणारे लोक थांबून बघायचे. रोझलीन मनातल्या मनात दृष्ट काढायची आणि उघड म्हणायची, "सगळी फेबियनच्या हाताची करनी." देवा, किती खरं बोलत होती बाई, आणि तिला पत्ताच नाही.

नाताळला गोठा उभा राहिला तो बघण्यासारखाच. पेंढा, दिवे, लाऊडस्पीकरवर गाणी. माणसांची रीघ लागली, आणि जो तो शेवंतीच्या तोंडासमोर मोबाइल धरून दिवा मारणार. ती बिचकून एका कोपऱ्यात सरकत होती. रोझलीन म्हणाली, "जरा घरी नेऊन आनू काय?" फेबियन म्हणाला, "परीक्षक येऊन जाऊ देत गं." परीक्षक आले, खूश होऊन गेले. पहिला नंबर! पोरांनी फेबियनला खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोझलीन चारा घेऊन गोठ्यात गेली तर शेवंती पेंढ्यात आडवी. खालचा पेंढा काळपट लाल.

रोझलीनच्या हातातला भारा गळून पडला. तिने शेवंतीची पापणी वर केली. पिवळी. तिला कोणी सांगायला नको होतं, तिने हे एकदा पाहिलं होतं.

डॉक्टर ऋतिका धावत आल्या. गोठ्यापुढे सगळी आळी जमली, फादरही आले. डॉक्टरांनी विचारलं, "मोरचूद मारलीत?"

"नाय. आनभाक घेते, दोन वर्षं हात नाय लावला."

"खायला दुसरं काही? खुराक, पावडर, काहीही? नीट आठवून सांगा. गोचीड तापातही लघवी लाल होते. तांबं असेल तर उपाय वेगळा आणि गोचीड असेल तर वेगळा. शिवाय कोकराचंही बघायला हवं."

रोझलीनने फेबियनकडे पाहिलं, कारण दुपारचं तोच जाणे. फेबियन योसेफच्या काठीला टेकून उभा होता.

"खाऊन खाऊन काय खाणार डॉक्टर? पाला," तो म्हणाला. "माझ्यासमोरच तर खातात."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मग त्यांनी रक्त तपासायला घेतलं आणि गोचीड तापाचं इंजेक्शन दिलं. पिंकीलाही दिलं. तपासणीचा निकाल सुट्ट्यांमुळे उशिरा येणार होता. शेवंती त्याच दुपारी गेली, रोझलीनच्या मांडीवर. जाताना फेबियनने तिच्या तोंडाशी पाण्याची वाटी धरली होती. त्याच्या हातचं म्हणून तिने ओठ हलवले.

केळीच्या बुंध्यात तिला पुरलं. फेबियननेच खड्डा खणला, रडलाही. हात धुताना हळूच म्हणाला, "वहिनी, एक बोलू? धोंडूबाईने नुकतीच वेलींवर फवारणी केली. वारा आपल्या दिशेने होता."

बस्स! रोझलीनच्या दुःखाला वाट मिळाली. ती तशीच मातीच्या हातांनी कुंपणाशी गेली आणि तिने धोंडूबाईचा उद्धार सुरू केला. शेजारीण म्हनवतेस, माझं जनावर खाल्लंस, तुला दोनदा सांगितलं होतं. गल्ली गोळा झाली. धोंडूबाई सगळं ऐकून घेत उभी राहिली. एरवी एकाला चार सुनावणारी बाई, पण त्या दिवशी तिने तोंड उघडलं नाही. तिने कुंपणाची कवाडी उघडली, रोझलीनचं मनगट धरलं आणि तिला आपल्या वाडीत ओढून नेलं.

कुंपणालगतची अख्खी रांग मेलेली होती. काळ्या पडलेल्या वेली तशाच वाशांना चिकटून सुकल्या होत्या. पलीकडच्या रांगा मात्र हिरव्यागार.

"दोन वर्षं या ओळीवर थेंब नाय मारला," धोंडूबाई म्हणाली. "तू सांगितलंस म्हनून. नवरा अजून शिव्या घालतो मला."

रोझलीन खाली बसली. आपण या बाईला काय काय बोललो ते तिच्या कानात घुमत राहिलं. धोंडूबाईने तांब्याभर पाणी आणून दिलं, आणि रोझलीनने ते घेतलं.

"बघते म्हनालीस तेव्हा सांगायचं नाय काय?"

"सांगितलं असतं तर तू आभार मानत बसली असतीस. मला नाय झेपत ते," धोंडूबाई म्हणाली.

घरी येताना रोझलीनच्या डोक्यात एकच किडा. मोरचूद माझी नाही, हिची नाही, मग शेवंती मेली कशाने? खरंच गोचीड ताप? दोन दिवसांनी, फेबियनशी बोलावं म्हणून ती निघाली. पिंकी एकटी राहीना, आई गेल्यापासून पदर सोडत नव्हती, म्हणून तिलाही बरोबर घेतलं.

फाटक उघडलं मात्र, पिंकी हातातून निसटली. फणसाकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. घराला वळसा घालून तडक मागच्या अंगणात गेली. रोझलीन मागे धावली. मागे डुकरांचा खोपा, आणि खोप्याशी निळं पिंप. पिंकीने पुढचे दोन्ही पाय उचलून पिंपावर ठेवले, झाकण चाटलं आणि मागे वळून हाक मारली. रोज हाक मारल्यावर कोणीतरी देतं, अशी ती हाक होती.

झाकण उघडायची गरजच नव्हती. तरी रोझलीनने ते उघडलं. डुकरांचा खुराक.

फेबियन बनियनवर बाहेर आला आणि जागच्या जागी थिजला. पिंकी त्याच्याकडे धावली, त्याच्या तळव्यात नाक खुपसलं. आईसारखंच तिलाही त्याच्या हातचं लागत होतं.

"कधीपासून?" रोझलीनने विचारलं.

"वहिनी, थोडंसंच. मूठभर. अंग भरावं म्हणून. तू बघितलंस ना, कशी दिसत होती ती..."

"डॉक्टरनी सांगितलं तेव्हा तिचं डोकं तुझ्याच मांडीत होतं."

"दोनतीन महिन्यांत काय होणार असं वाटलं. नाताळनंतर बंदच करणार होतो."

"आनि परवा? डॉक्टर तुला तोंडावर विचारत होती तेव्हा?"

फेबियनने मान खाली घातली. "सगळी पोरं होती. फादर होते. आदल्याच दिवशी पहिला नंबर आला होता. कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग धोंडूबाईचं नाव घ्यायला तोंड सापडलं तुला."

रोझलीनने डॉक्टरांना फोन लावला आणि फोन त्याच्यासमोर धरला. "सांग. काय घातलंस, किती घातलंस, सगळं सांग. हे पोर तरी वाचू दे."

त्याने सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. पलीकडून डॉक्टर एवढंच म्हणाल्या, फोन ताईंना द्या.

"ताई, औषध घेऊन निघते. कोकरू अजून उभं आहे, म्हणजे वेळ आहे. पण ऐका, आता ते घाबरलं तर संपलं. आरडाओरडा नको, ओढाताण नको, कुत्रं नको, स्पीकर नको. जे साठलंय ते हळूहळू उतरेल, महिने लागतील. तोवर त्याच्या आसपास सगळं शांत हवं."

रोझलीनने फोन ठेवला. तिला वाटत होतं, या माणसाला उभा चिरावा, त्याच्या नावाने शंख करावा, आळीतल्या प्रत्येक घराला ऐकू जाईल असं ओरडावं. तिने तोंड उघडलंही. पण पिंकी तिच्या दोन पायांत येऊन उभी राहिली होती, थरथरत. रोझलीनने तिला उचललं आणि ती निघाली.

फेबियन मागे आला, मोठ्याने रडत. "वहिनी, मार मला! थोबाडीत दे!"

पिंकीने अंग आकसलं.

"हळू," रोझलीन अगदी कुजबुजत म्हणाली. "पोर घाबरतंय. रडायचंय तर रस्त्यावर जाऊन रड."

त्यानंतर रोझलीनच्या अंगणात कोणी आवाज चढवला नाही. धोंडूबाईसारखी बाईसुद्धा कुंपणावरून खुणांनी भांडायला शिकली. रोज औषध, रोज गवत, रोज पापणी वर करून डोळे पिवळे नाहीत ना ते बघणं. फेबियन दर रविवारी मिस्सा झाला की फाटकाशी येऊन उभा राहायचा. रोझलीन आपलं काम करत राहायची, त्याला ना ये म्हणायची, ना जा. गाव म्हणायचं, "केवढं मन त्या बाईचं! एक शब्द वर नाय केला. माफ केलं बघा." फादरांनी तर क्षमा कशी असावी ते सांगताना नाव न घेता तिचाच दाखला दिला. फेबियनलाही हळूहळू तसं वाटू लागलं. झावळ्यांच्या रविवारी तो फाटकाच्या आत आला, पुढच्या रविवारी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाला ओटीवर टेकला.

पावसाला महिनाभर राहिला असेल, तेव्हा डॉक्टर ऋतिकांनी पिंकीचं रक्त पुन्हा तपासलं आणि फोन न करता स्वतः आल्या. हसत होत्या. "सुटली तुमची पिंकी. धोका टळला. आता चार माणसांत नेलंत तरी चालेल."

"आवाज चालेल?"

"आवाजही चालेल."

डॉक्टरांची स्कूटर वळणाआड गेली. रोझलीनने पिंकीला धोंडूबाईच्या वाडीत नेऊन सोडलं, लांब, पलीकडच्या टोकाला. "जरा बघ हिच्याकडे," म्हणाली. धोंडूबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता कोकराला जवळ घेतलं.

मग रोझलीनने पदर खोचला. फेबियन तिच्याच ओटीवर बसला होता, गुडघ्यावर चहाचा कप. तिला येताना बघून हसला.

"फेबियन!"

ती हाक देवळापर्यंत गेली असेल. त्याच्या हातातला कप खाली पडला. खिडक्या उघडल्या, पोरं रस्त्यावर आली. नाताळपासून आत दाबून ठेवलेलं सगळं तिच्या घशाशी आलं होतं. त्याची शाळा, त्याचा ताप, कुजलेल्या वेली, धोंडूबाईची मेलेली रांग, ट्रॉफी, पाण्याची वाटी, आधी काय बोलावं ते तिलाच कळेना. आणि जेव्हा शब्द फुटले तेव्हा एवढेच फुटले, पुन्हा पुन्हा, आवाज चिरेपर्यंत:

"तुझ्या हातचं खात होती रे ती! आख्ख्या गावात तुझ्या हातचं खात होती!"